ढोलावरची बंदी आणि पिपाचे सूर



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी किमान वेतनावर किंवा कंत्राटी कामगारांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. तीस वर्षे मी तेच काम करीत आलो आहे. आज मात्र मी विषय घेतला आहे तो एका वाद्याचा आणि त्या वाद्यामागे चालणाऱ्या नाचाचा. मी संगीतातला जाणकार नव्हे. शाळा माझी लवकर सुटली. पुढे जे काही शिकलो ते नगर वाचनालयात आणि कामगारांच्या संगतीत. परंतु ही हकीकत मी वाचली तेव्हा ती मला माझ्याच व्यवसायाची हकीकत वाटली, आणि ती आपणांस सांगावी असे फार दिवस मनात होते.

वेस्ट इंडीज म्हटले की आपल्याकडे क्रिकेट आठवते. त्या बेटांच्या माळेत अगदी दक्षिणेला, व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यालगत त्रिनिदाद नावाचे बेट आहे. आकाराने ते आपल्या सातारा जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान. पूर्वी ते स्पेनच्या ताब्यात होते. १७८३ साली स्पेनच्या राजाने फर्मान काढले की, कॅथलिक पंथाचे जे परदेशी लोक येथे येऊन वसतील त्यांस जमीन मिळेल, आणि जो बरोबर गुलाम आणील त्यास प्रत्येक गुलामामागे आणखी जमीन मिळेल. आसपासच्या बेटांवरचे फ्रेंच मळेवाले आपले गुलाम घेऊन तेथे लोटले. १७९७ साली इंग्रजांनी बेट घेतले तेव्हा तेथील सुमारे १७,७०० वस्तीपैकी १०,००० माणसे गुलाम होती. ऊस त्यांनी लावायचा, त्यांनीच तोडायचा, साखर त्यांनी काढायची आणि मालकी मात्र दुसऱ्याची, त्यांच्या देहाचीसुद्धा.

ही माणसे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून व काँगोच्या मुलखातून धरून आणलेली होती. जहाजात चढवताना त्यांच्याजवळचे सारे काढून घेतले गेले. जे काढून घेता आले नाही ते त्यांच्या अंगात होते. तो होता ताल. त्या तालाची घडण थोडी समजून घेतली पाहिजे, कारण पुढची सारी गोष्ट तिच्यावर उभी आहे. तेथे एकच वादक सर्व काही वाजवीत नाही. एकजण लोखंडावर किंवा घंटेवर एक ठरावीक ठोका धरतो आणि तो सोडत नाही. दुसरा त्या ठोक्यांच्या फटीत आपला ठोका बसवतो, तिसरा त्या दोघांच्या फटीत. प्रत्येकाचा वाटा लहान असतो. एकट्याचा ऐकला तर अपुरा वाटतो. सगळे एकमेकांत गुंतले म्हणजे ताल उभा राहतो. गाण्याचेही तसेच. एकाने ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. आपल्याकडे भजनात किंवा गोंधळात झीलकरी उचलतात तशी. आणि नाचणारा हा तेथे प्रेक्षक नव्हे. पायांचा आवाज, टाळ्या, हुंकार हेही त्या तालाचेच भाग. वाजवणारा एकीकडे व ऐकणारा दुसरीकडे, अशी विभागणी त्यात नाही.

फ्रेंच मळेवाले उपासाच्या चाळीस दिवसांआधी कार्निव्हल साजरा करीत. मुखवटे घालून त्यांच्या हवेल्यांत मेजवान्या झडत. त्यांतल्या काहींना शेतावरच्या गुलामाचे सोंग घेण्याची हौस असे. उसाला आग लागली की रात्री शिंगे फुंकून आसपासच्या मळ्यांवरील गुलामांस मशालींसह हाकलून आणीत आणि जळता ऊस तोडायला लावीत. फ्रेंच भाषेत जळक्या उसाला जे शब्द आहेत, त्यांवरून या प्रसंगाला ‘कॅम्बूले’ हे नाव पडले. मालक लोक गंमत म्हणून याचेही सोंग आणीत.

१ ऑगस्ट १८३४ रोजी ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी रद्द झाल्याचे जाहीर झाले. परंतु सुटका अशी की, शेतावरच्या गुलामांनी आणखी सहा वर्षे ‘उमेदवार’ म्हणून त्याच मालकाकडे राबावे! पोर्ट ऑफ स्पेन शहरात सरकारवाड्यापुढे लोक जमले आणि सहा वर्षे आम्हांस मान्य नाहीत असे त्यांनी गव्हर्नरला तोंडावर सांगितले. शेवटी चार वर्षांनी, १ ऑगस्ट १८३८ रोजी, खरी मुक्तता झाली. त्यानंतर त्यांनी एक मोठी अर्थपूर्ण गोष्ट केली. मालक ज्याचे सोंग आणीत होते ते कॅम्बूले त्यांनी स्वतःच्या ताब्यात घेतले. कार्निव्हलच्या रविवारी मध्यरात्री मशाली पेटवून, ढोल बडवीत, लाठ्या फिरवीत ते रस्त्यावर येऊ लागले. ज्या रात्री आपल्याला चाबकाखाली धावावे लागे, ती रात्र ते आता स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या ढोलावर नाचू लागले. मळेवाल्यांनी दारे लावून घेतली. वर्तमानपत्रांनी या लोकांस ‘जामेट’ म्हटले; म्हणजे सभ्यपणाच्या रेषेखालचे. रेषा कोणी आखली, हे विचारायची सोय नव्हती.

पोलीसप्रमुख कॅप्टन बेकर याने १८८० साली लोकांकडून मशाली, ढोल आणि लाठ्या काढून घेतल्या. लोक त्या वर्षी गप्प राहिले. पुढच्या वर्षी, १८८१ च्या फेब्रुवारीत, तो पुन्हा पोलीस घेऊन मध्यरात्री आला तेव्हा वेगवेगळ्या गल्ल्यांतल्या, एरवी एकमेकांची डोकी फोडणाऱ्या टोळ्या एक झाल्या होत्या. रस्त्यावरचे दिवे फुटले. दगड, बाटल्या, लाठ्या यांचा वर्षाव झाला. ३८ पोलीस जखमी झाले. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर फ्रीलिंग याला स्वतः लोकांसमोर येऊन बोलावे लागले आणि पोलिसांस बराकीत ठेवावे लागले. ज्याने कोणी संप चालवला आहे त्याला यातला मर्म कळेल. गल्लीगल्लीचे वैर विसरायला लावील असे जे काही असते, ते त्या माणसांना भाकरीइतके जवळचे असते. येथे ते ढोल आणि नाच हे होते.

सरकारने धडा घेतला, पण आपल्या पद्धतीने. १८८४ साली कायदा झाला: मशाली बंद, रस्त्यावर ढोल वाजवून नाचणे बंद, दहा किंवा अधिक माणसांनी लाठ्या घेऊन जमणे बंद.

आता येथे आपल्या देशाचा संबंध येतो. गुलाम सुटल्यावर मळ्यांना स्वस्त मजूर हवे होते. १८४५ ते १९१७ या काळात सुमारे १,४४,००० हिंदी माणसे करारावर, म्हणजे ‘गिरमिटावर’, त्रिनिदादला नेण्यात आली. बहुतेक बिहार व संयुक्त प्रांतातली, काही मद्रासकडची. हे लोक मोहरममध्ये ताबूत काढीत. तिकडे त्याला ‘होसे’ म्हणतात. मुसलमान थोडे, हिंदू बरेच, आणि कित्येक आफ्रिकन वंशाचे मजूरही त्यात ढोल वाजवीत व ताबुताला खांदा देत. त्यात जे वाद्य वाजे त्याचे नाव तिकडे आजही ‘तासा’ आहे. आपण ज्याला ताशा म्हणतो तोच हा. गळ्यात अडकवून दोन काड्यांनी वाजवायचा, वाजवण्यापूर्वी शेकून कातडे ताणायचे, आणि जोडीला मोठा ढोल व झांज. आपल्या गल्लीतल्या वाजंत्र्याला तिथे नेऊन उभा केला तर भाषेची अडचण येईल, तालाची फारशी येणार नाही.

त्या वर्षांत साखरेचे भाव कोसळले होते. मळेवाल्यांनी मजुरीला कात्री लावून काम वाढवले होते. मळ्यांवर संप होत होते. अशा वेळी वेगवेगळ्या मळ्यांचे मजूर एकाच मिरवणुकीत, एकाच तालावर शहरात येणार या कल्पनेनेच मळेवाल्यांची झोप उडाली. सरकारने ताबुतांस शहरात येण्याची मनाई केली. ३० ऑक्टोबर १८८४ रोजी मिरवणुका सॅन फर्नांडो शहराच्या वेशीवर आल्या आणि त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. किमान १६ माणसे मेली, शंभराहून अधिक जखमी झाली. ज्या वर्षी आफ्रिकन मजुराचा ढोल बंद झाला, त्याच वर्षी हिंदी मजुराच्या ताशावर गोळी चालली. सरकारला ढोलाच्या आवाजाचा त्रास होता असे कोणी म्हणेल तर त्यावर माझा विश्वास नाही. त्याला त्रास होता तो ढोलामागे पाऊल मिळवून चालणाऱ्या माणसांचा.

ढोल गेला, आता काय करायचे? लोकांनी रानातला बांबू तोडून आणला. जाड, लांब नळकांडे जमिनीवर आपटले की खर्जाचा आवाज निघे. मधल्या मापाची दोन नळकांडी एकमेकांवर आदळून मधला ठोका. आणि बारीक नळी खांद्यावर धरून तीवर काठीने तोडायचे ते वरचे ठोके. फ्रेंच भाषेतल्या ढोलाच्या नावावरून याला ‘टँबू-बँबू’ म्हणू लागले. कायद्यात कातड्याच्या ढोलाचे नाव होते, बांबूचे नव्हते. ढोलाचे तिन्ही आवाज बांबूत जसेच्या तसे उतरले आणि नाच थांबला नाही. सुमारे चाळीस-पन्नास वर्षे या बांबूंवर कार्निव्हल चालले.

बंदी एवढ्यावर थांबली नव्हती. १९१७ साली एक कायदा करून ‘शाउटर’ म्हणजे आरडाओरडा करणारे म्हणून हिणवलेल्या बॅप्टिस्ट पंथाची उपासना बेकायदा ठरवली गेली. कारण ते टाळ्या वाजवीत, घंटा वाजवीत, देवापुढे डोलत. १९३४ साली नाटकगृहे व नृत्यगृहे यांविषयीच्या कायद्याने कॅलिप्सो गाण्यांवर सेन्सॉर बसवले. कॅलिप्सो म्हणजे आपल्या शाहिराच्या जवळचा प्रकार. जुन्या लाठीच्या खेळात ओळ टाकणारा जो गायक असे त्याचाच हा वारस. गव्हर्नरपासून गल्लीतल्या भानगडीपर्यंत सर्वांचा तो समाचार घेई. त्यांतला एक, ‘अटिला द हून’ हे नाव घेऊन गाणारा रेमंड केवेडो, पुढे १९५० साली कायदेमंडळात निवडून आला!

आता १९३७ साल पाहा. त्रिनिदादमध्ये तेल सापडले होते आणि ब्रिटिश साम्राज्यातील तेलाचा फार मोठा भाग या चिमुकल्या बेटातून येत होता. तेलकामगारांची घरे मात्र पत्र्याची, आणि मजुरी पोट न भरणारी. ग्रेनाडाहून आलेला एक धर्मोपदेशक, ट्युबल युरायाह बटलर, हा त्यांचा पुढारी. १९ जून १९३७ रोजी फैझाबाद येथे — नावावरूनच कळेल की हिंदी मजुरांची तेथे वस्ती होती — तो सभेत बोलत असता पोलीस त्यास पकडावयास आले आणि ठिणगी पडली. संप तेलखाणींतून साखरमळ्यांवर आणि गोदीत पसरला. युद्धनौका बोलावण्यात आल्या. १४ माणसे मेली. बटलर प्रथम भूमिगत व नंतर तुरुंगात. त्या काळात तेलकामगारांची संघटना ज्याने बांधली त्याचे नाव होते एड्रियन कोला रिएन्झी. नाव इटालियन, पण माणूस मूळचा कृष्ण देवनारायण. गिरमिटिया कुळातला वकील. तो एकाच वेळी तेलकामगारांच्या युनियनचा, ज्यात आफ्रिकन वंशाचे लोक अधिक, आणि साखरकामगारांच्या युनियनचा, ज्यात हिंदी अधिक, असा दोन्हींचा अध्यक्ष होता. १८८४ साली दोघांना वेगवेगळे मारले होते. १९३७ साली ते एका टेबलाशी बसले. १९ जून हा दिवस १९७३ पासून तेथे कामगार दिन म्हणून पाळला जातो.

आणि याच सुमारास, बंदरशहराच्या गरीब वस्त्यांत, बांबू फुटला म्हणून म्हणा किंवा त्याचा आवाज पुरेना म्हणून म्हणा, पोरांनी बिस्किटाचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या डब्यांची झाकणे, मोटारीचे जुने ब्रेकड्रम वाजवायला घेतले. वाजवतावाजवता एकाच्या लक्षात आले की, डब्याला जेथे पोचा पडला आहे तेथला सूर वेगळा निघतो. कोणाच्या लक्षात आधी आले याबद्दल त्रिनिदादमध्ये आजही वाद घालतात. मला तो वाद आवडतो, कारण त्याचा अर्थ असा की शोध एकाचा नसून गल्लीचा आहे. दुसऱ्या महायुद्धात सरकारने कार्निव्हल बंद ठेवले. अमेरिकन सैन्याचे तळ बेटावर पडले होते आणि तेलाची रिकामी पिंपे जिकडेतिकडे पडलेली असत. १९४५ साली युद्ध संपल्याची बातमी आली तेव्हा लोक परवानगीची वाट न पाहता डबे-पिंपे बडवीत रस्त्यावर आले.

विन्स्टन ‘स्प्री’ सायमनसारख्या पोरांनी आता पिपावर ओळखू येतील अशी गाणी वाजवायला सुरुवात केली. एली मॅनेट याने पिपाचा तळ बाहेर फुगवण्याऐवजी आत खोलगट ठोकला आणि ५५ गॅलनचे मोठे पिंप वापरात आणले. अँथनी विल्यम्स याने सूर कोळ्याच्या जाळ्यासारखे मांडण्याची रीत काढली. ज्यांनी तांबट आळीत मठारकाम पाहिले आहे त्यांस हे काम चटकन समजेल. पिपाचा तळ हातोड्याने ठोकून परातीसारखा खोल करतात. मग त्यावर सुरांच्या जागा आखून पंचाने त्यांच्या कडा पाडतात, म्हणजे एका जागेचा कंप दुसरीत जात नाही. मग पिंप हव्या त्या उंचीवर कापतात. वरच्या सुरांसाठी आखूड, खर्जासाठी अख्खे. आगीवर तापवून ते निववतात आणि शेवटी लहान हातोडीने वरून-खालून ठोकत एकेक सूर जमवतात. मोठी जागा म्हणजे खालचा सूर, लहान जागा म्हणजे वरचा. वाजवायच्या काड्यांच्या टोकांना रबर गुंडाळतात. पोलाद ते, पण आवाज असा की पाण्यावर थेंब पडावेत. तेलाच्या धंद्याने ज्यांना राबवले त्यांनीच त्या धंद्याने फेकून दिलेल्या पिपाचे वाद्य केले.

पण हे सारे गोड होते असे समजू नका. हे स्टीलबँड म्हणजे वस्त्यांच्या टोळ्याच होत्या. युद्धाच्या सिनेमांवरून त्यांनी नावे घेतली: इन्व्हेडर्स, डेस्परॅडोज, टोकियो, कॅसाब्लांका. रस्त्यात दोन बँड समोरासमोर आले की सुरे निघत. १९५० च्या कार्निव्हलमधली इन्व्हेडर्स आणि टोकियो यांची मारामारी अजून आठवली जाते. पोरगा पॅन वाजवतो हे कळले की सभ्य घरांत त्याला मार पडे. मुलगी तर त्या वाड्याकडे फिरकायची नाही. आपण दूर कशाला जा? हलगी वाजवणाऱ्याला आपण मिरवणुकीत सर्वांत पुढे ठेवले आणि पंगतीत कोठे बसवले हे आपणा सर्वांस ठाऊक आहे.

यातून मार्ग निघाला तो संघटनेचा. १९४९ साली सरकारने चौकशी समिती नेमली, आणि पॅनवाल्यांनी आपली संघटना उभी केली. १९५१ साली लंडनच्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’साठी एक बँड पाठवायचे ठरले, तेव्हा एकमेकांच्या वैरी वस्त्यांतून एकेक वादक निवडला गेला. त्यांना शिकवायला आला लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ, पोलीस बँडमधला माणूस! ज्या पोलिसांनी ढोल काढून घेतले त्यांच्याच बँडमधला एकजण या पोरांना स्वरलिपी शिकवत होता. गावोगावी वर्गणी जमवून हे तरुण बोटीने गेले. २६ जुलै १९५१ रोजी लंडनमध्ये थेम्सकाठी त्यांनी गंजलेली पिंपे मांडली तेव्हा बघ्यांना हसू आले. वाजवायला लागल्यावर तेच आश्चर्याने थक्क झाले. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये ‘शाउटर’ लोकांवरचा चौतीस वर्षांचा बंदीचा कायदाही रद्द झाला होता. त्याच सुमारास हेझल हेन्ले हिने ‘गर्ल पॅट’ नावाचा मुलींचा स्टीलबँड काढला आणि घरांच्या बंद दारांपैकी एक तरी उघडले.

आता या नाचाविषयी दोन शब्द. कार्निव्हलचा सोमवार पहाटेच्या अंधारात सुरू होतो. त्याला ‘जूव्हे’, म्हणजे दिवस उघडणे, असे म्हणतात. अंगाला चिखल, रंग, तेल फासलेले लोक बँडमागे चालतात. पाऊल कसे टाकायचे? जमिनीवरून न उचलता, घासत, लहान लहान, तालावर पुढे. त्याला ते ‘चिपिंग’ म्हणतात. आपल्या वारीत टाळावर जे पाऊल पडते ते ज्यांनी पाहिले आहे त्यांस फार समजावून सांगायला नको. हे पाऊल शिकायला गुरू लागत नाही. म्हातारीला येते, पोराला येते, बारा तास कपडे धुऊन आलेल्या बाईला येते. पूर्वी पॅन गळ्यात अडकवून वाजवीत. पुढे चाकांच्या गाड्यांवर ठेवू लागले, आणि त्या गाड्या ढकलायला बँडच्या वस्तीतले लोक लागत. जो वाजवत नाही तो ढकलतो. जो ढकलत नाही तो नाचतो. बिनकामाचा कोणी नाही.

मला स्वतःला याचा अर्थ एका संपात कळला. एका सूतगिरणीपुढे आमचे धरणे चालू होते. तेवीस दिवस झाले होते. उसनवारी संपली होती, भाषणांचा कंटाळा आला होता, माणसे गळत होती. एका संध्याकाळी एका जॉबरने फाटकापाशी पडलेले रसायनाचे रिकामे पिंप ओढले आणि त्यावर हलगीचा ठेका धरला. रिंगखात्यातल्या बायांनी फुगड्या घातल्या, मग म्हातारे उठले. त्या रात्री मी काही बोललो नाही. बोलायची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी गळालेल्यांपैकी निम्मे परत आले. त्या नाचाने मागणी मान्य झाली नाही. ती पुढे पंधरा दिवसांनी वाटाघाटीत झाली. पण वाटाघाटीला बसेपर्यंत माणसे टिकली ती त्या पिपामुळे. गिरणगावात अमर शेख, अण्णाभाऊ साठे आणि गव्हाणकर यांनी कलापथक का काढले, हे मी पुस्तकात वाचले होते. त्या संध्याकाळी पाहिले.

त्रिनिदादमध्ये पुढे काय झाले? १९५६ साली ‘माइटी स्पॅरो’ नावाच्या तरुणाने कॅलिप्सोचा राजा हा किताब जिंकला. बक्षीस ४० डॉलर. त्याच कार्निव्हलच्या सौंदर्यस्पर्धेत जिंकणाऱ्या मुलींस मात्र मोठमोठी बक्षिसे. कार्निव्हल चालते ते गाण्यावर आणि पैसा जातो दुसरीकडे, असे म्हणून १९५७ साली त्याने स्पर्धेवर बहिष्कार घातला, आणि त्यावर कॅलिप्सोही रचले. पुढे गायकांचे बक्षीस वाढले. याला संप म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

लंडनलाही हा नाच पोचला. १९५८ साली नॉटिंग हिल भागात काळ्या लोकांवर गोऱ्या टोळ्यांनी हल्ले केले. त्यावर उत्तर म्हणून क्लॉडिया जोन्स हिने १९५९ च्या जानेवारीत एका सभागृहात कार्निव्हल भरवले. ही पोर्ट ऑफ स्पेनला जन्मलेली कम्युनिस्ट कार्यकर्ती. अमेरिकेने तिला तुरुंगात टाकून हद्दपार केलेले. निषेधसभा घेणे तिला ठाऊक नव्हते असे नाही. तरी तिने नाच भरवला. भ्यालेल्या माणसांना एकत्र उभे करायचे तर आधी त्यांचे भय जायला हवे, हे तिला कळत होते. १९६६ पासून तेथील रस्त्यांवर जे कार्निव्हल निघू लागले त्यात लंडनमधल्या त्रिनिदादी पॅनवाल्यांचा मोठा वाटा होता.

३१ ऑगस्ट १९६२ रोजी त्रिनिदाद-टोबॅगो स्वतंत्र झाले. १९६३ पासून पॅनबँडांची ‘पॅनोरमा’ ही स्पर्धा सुरू झाली, १९९२ साली पॅन हे राष्ट्रीय वाद्य ठरले आणि २०२३ साली संयुक्त राष्ट्रांनी ११ ऑगस्ट हा जागतिक स्टीलपॅन दिन म्हणून जाहीर केला. संगीतातही आफ्रिकन आणि हिंदी मजूर पुन्हा भेटले. १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘लॉर्ड शॉर्टी’ या गायकाने कॅलिप्सोत हिंदी ढोलकीचे ठेके मिसळून जे नवे संगीत केले ते ‘सोका’ म्हणून जगभर नाचले जाते. प्रथम दोन्ही बाजूंच्या सोवळ्या मंडळींनी नाके मुरडली. १९८७ साली द्रुपती रामगुनाई या हिंदी वंशाच्या गायिकेने चटणी आणि सोका एकत्र केले तेव्हा तिच्यावरही टीकेची झोड उठली. आज ते दोन्ही प्रकार त्या देशाचे स्वतःचे म्हणून गायले जातात.

पण जे पोलिसांना जमले नाही ते बाजाराला जमू लागले आहे. स्पर्धा आली, प्रायोजक आले. तेलकंपन्यांची व विमानकंपन्यांची नावे बँडांना लागली. बँड रस्त्यावरून रंगमंचावर चढला आणि नाचणारा माणूस खुर्चीवर बसून पाहू लागला. रस्त्यावर पॅनच्या जागी ध्वनिवर्धकांच्या भिंती लादलेल्या मालमोटारी आल्या. त्यांपुढे पिपाचा आवाज टिकेना. मोठ्या पथकांत आता महागडा पोशाख विकत घेईल तोच आत. भोवती दोर, दोराशी रखवालदार. दोराबाहेर कोण उभा असतो? ज्याच्या पणजोबाने १८८१ साली बेकरच्या पोलिसांशी झुंज घेतली तो. हे दृश्य आपणांस परके वाटत असेल तर आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतल्या त्या भिंतींसमोर एकदा उभे राहून पाहा. छाती हादरते, पण शेजारच्याचा ठोका आपल्याला ऐकू येत नाही, आणि आपला त्याला ऐकू जात नाही.

तरी निराश होण्याचे कारण नाही. पहाटेच्या जूव्हेत पिंपे अजून वाजतात, आणि वस्त्यांतील पॅनच्या वाड्यांवर कार्निव्हलपूर्वी रात्र-रात्र तालमी चालतात. दिवसा कारखान्यात, कचेरीत, शाळेत असणारी माणसे तेथे विनामोबदला उभी असतात.

मला आपणांपुढे मांडायचे होते ते एवढेच. आम्ही युनियनवाले मजुरी मागतो, आठ तास मागतो, सुट्टी मागतो. मालक विचारतो, सुट्टी कशाला? आमचे काही पुढारीही दबक्या आवाजात सांगतात की, विश्रांती मिळाली तर माणूस काम चांगले करील. हे उत्तर मला कधी पटले नाही. त्रिनिदादच्या माणसांनी ढोल मागितला तो अधिक ऊस तोडता यावा म्हणून नव्हे. दिवसभर ज्याचे हातपाय दुसऱ्याचे असतात, त्याला ते थोडा वेळ स्वतःचे करून घ्यायचे असतात, आणि तेही चारचौघांबरोबर. भाकरी मिळाल्यानंतर परवडेल तेव्हा करायची ही चैन नव्हे. ज्यांच्याजवळ भाकरी नव्हती त्यांनी तीसाठी मार खाल्ला. म्हणून आज आमच्या औद्योगिक वसाहतीत जो कंत्राटी मुलगा बारा-बारा तासांच्या पाळीत राबतो आणि सणालाही गावी जाऊ शकत नाही, त्याच्या मागण्यांत मी वेतनाबरोबर वेळही लिहितो, आणि ती ओळ तडजोडीत खोडू देत नाही.

येत्या १ मे रोजी सकाळी कामगारांची मिरवणूक याच रस्त्याने जाईल. ध्वनिवर्धकांची भिंत त्यात नसेल; हलगी असेल, ताशा असेल, आणि वाजवणारे आमच्यातलेच असतील. दरवर्षी आपण गॅलरीत उभे राहून पाहता. यंदा खाली उतरावे, अशी माझी विनंती आहे. पाऊल अवघड नाही.